घाटात स्कूटर दम टाकते: पेट्रोल, बेल्ट का अजून काही?

कपिलधार_रोड | रविवार, रात्री 8:52

नमस्कार मंडळी. मी बीडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा मांजरसुंब्याच्या पलीकडं आत आहे, रोजचं जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. गाडी बिनगिअरची 125 सीसी स्कूटर, 2018 चं मॉडेल, कार्बोरेटरवाली, रीडिंग 41 हजार.

दुखणं असं. बीड सोडल्यापासून पालीच्या धरणापर्यंत गाडी लोण्यासारखी. घाट लागला की पहिला एक किलोमीटर नीट चढते, मग कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी होते. 45 वरून 35, मग 25, शेवटी 20. रेस पूर्ण पिळली तरी ढिम्म. ट्रकवाले सुद्धा हॉर्न वाजवून पुढं जातात, ह्याच्यावरून समजा. कडेला लावून पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चढते. वर पठारावर गेली की परत शहाणी. मागं माझी सहकारी मैत्रीण बसलेली असते. ती रजेवर असली की त्रास कमी, पण असतोच.

एअर फिल्टर नवा टाकला, प्लग नवा, कार्बोरेटर दोनदा साफ केला, ऑइल बदललं. 2,300 रुपये गेले. आता मिस्त्री म्हणतो बोअर-पिस्टन काढावं लागंल, नऊ हजार धरून चाला. म्हटलं त्याच्या आधी इथं विचारावं.

रिकामा_खंडोबा | रविवार, रात्री 9:03

मैत्रीण रजेवर असली की गाडी चढते. मग दुखणं गाडीचं नाही, मैत्रिणीचं आहे. 😄

कपिलधार_रोड | रविवार, रात्री 9:06

ती हा धागा वाचायलीय. तुमचं नाव लिहून घेतलंय तिनं.

धारूरचा_गडी | रविवार, रात्री 9:15

ताई, मिस्टरांना एकदा चालवून बघायला सांगा. लेडीज लोक रेस हळू देतात, त्यानं इंजिन जाम होतं.

कपिलधार_रोड | रविवार, रात्री 9:21

दादा, मिस्टरांना स्कूटर मीच शिकवली. घाटात त्यांच्या हातातही 20 नंच चढली, फक्त ते शिव्या देत होते, मी देत नाही. पुढं?

निवृत्त_आगार | रविवार, रात्री 9:40

मी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालो. स्कूटरचं मला फार कळत नाही, पण चढावर दम टाकणारी गाडी आयुष्यभर बघितली. जुन्या गाड्या घाटात तापायच्या, ड्रायव्हर रेडिएटरचं झाकण गोणपाट टाकून उघडायचा आणि कंडक्टर घागर घेऊन विहीर शोधत फिरायचा. प्रवासी खाली उतरून बिड्या ओढायचे. कुणालाही घाई नसायची.

असो. एक साधी गोष्ट आधी करून बघा. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते मातीनं बुजलं की पेट्रोल खाली जातं तशी टाकीत पोकळी होते, आणि पेट्रोल यायचं कमी होतं. सपाटीवर पेट्रोल कमी लागतं म्हणून भागतं, चढावर लागतं जास्त आणि मिळत नाही. गाडीनं दम टाकला की तिथंच थांबून झाकण उघडा. सुस्सकन हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चढली, तर रोग सापडला. खर्च शून्य.

बालाघाट_एक्सप्रेस | रविवार, रात्री 9:58

आगारकाकांचं बरोबर, पण मला पेट्रोलचाच संशय. आता पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल येतंय आणि 2018 ची कार्बोरेटरवाली गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकीत थोडं जरी पाणी गेलं तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं, आणि कार्बोरेटरला पहिला घोट तोच मिळतो.

रिकामा_खंडोबा | रविवार, रात्री 10:02

ऊस आपला, कारखाना आपला, इथेनॉल आपलं. गाडी बंद पडली तर तक्रार चेअरमनकडं करायची का सरपंचाकडं?

बालाघाट_एक्सप्रेस | रविवार, रात्री 10:04

उसाचं बिल कधी मिळतंय ते आधी विचारा चेअरमनला.

ज्वारी_बाजरी | रविवार, रात्री 10:11

झालं. आता हा धागा उसावर जाणार.

फिटर_अण्णा | रविवार, रात्री 10:30

थांबा सगळे. मी लातूरला गॅरेज चालवतो, बावीस वर्षं झाली. ताई, तुम्ही सगळं लिहिलं, फक्त एकच गोष्ट राहिली आणि तीच कामाची. गाडी 20 वर येते तेव्हा इंजिनाचा आवाज वाढतो का पडतो?

म्हणजे बघा. रेस पिळल्यावर इंजिन गुरगुरत, घुसमटत खाली बसत असेल तर इंजिनाला काहीतरी मिळंना: पेट्रोल, हवा, करंट, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, गेलं. पण इंजिन भर्रर्र करून ओरडत असेल आणि गाडी मात्र पुढं सरकत नसेल, तर इंजिन ठणठणीत आहे. ताकद तयार होतीय, ती मागच्या चाकापर्यंत पोचंना. हे दोन वेगळे रोग आहेत, आणि तुमच्या मिस्त्रीनं आतापर्यंत फक्त पहिल्यावर पैसे घेतलेत.

नऊ हजाराचं काम आठ दिवस थांबवा.

कपिलधार_रोड | रविवार, रात्री 10:37

खरं सांगू? कधी लक्षच दिलं नाही. ट्रकची भीती असते, कान मागं असतात. उद्या सकाळी ऐकते.

मांजरा_काठ | रविवार, रात्री 10:45

उंचीचाही भाग असतो हो. वर हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते. लडाखला गेलो होतो तेव्हा बुलेट रडत होती.

पाटी_पेन्सिल | रविवार, रात्री 11:02

मांजरा_काठ, हिशोब करून बघा. ढोबळ मानानं दर 100 मीटरला इंजिनाची ताकद एक टक्का घटते. बीड 500 मीटरच्या जरा वर, बालाघाटाचं पठार हजाराच्या आतच. म्हणजे घाटात फार तर तीन-चार टक्के. मैत्रिणीचा डबा काढून ठेवला तरी तेवढा फरक भरून निघेल. लडाखातली खारदुंगला खिंड पाच हजार मीटरच्या वर आहे, तिथं निम्मी ताकद गायब होते. मांजरसुंब्याला लडाख करू नका.

मांजरा_काठ | रविवार, रात्री 11:04

बरं बाबा. हरलो.

सौताड्याची | सोमवार, सकाळी 6:50

मला हाच त्रास तुळजापूरच्या घाटात झाला होता, कारण निघालं मागचं ब्रेक. सर्व्हिसिंगवाल्यानं ब्रेक इतका आवळला होता की चाक घासतच फिरायचं. गरम झालं की अजून आवळायचं. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवून बघा, आणि घाटात थांबल्यावर ड्रमला हात लावा. हो, जपून. मी चटका खाल्लाय. नवरात्रात पायी जाणाऱ्या बायका माझ्या गाडीच्या पुढं गेल्या होत्या, एवढंच सांगते.

कपिलधार_रोड | सोमवार, सकाळी 11:20

मधली सुट्टी आहे, पटकन लिहिते.

चाक मोकळं फिरतंय, ड्रम कोमट. झाकण उघडलं, सुस्स वगैरे काही नाही, फरकही पडला नाही. आता आवाजाचं. फिटर अण्णा, आवाज वाढतो. गाडी 20 वर, आणि इंजिन असं ओरडतंय जसं 60 नं चाललंय. मैत्रीण म्हणाली, "एवढी बोंबलतीय तर चालत का नाही?" आणि थांबल्यावर डाव्या बाजूनं वास येतो. जळका.

फिटर_अण्णा | सोमवार, दुपारी 1:15

हां! आता बोला. इंजिन काम कॅन्सल. नऊ हजार वाचले.

ज्यांना आतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ह्या गाडीत गिअर नसतो असं म्हणतात, ते खोटं आहे. गिअर असतो, फक्त त्याला दात नसतात. पुढं एक चाकी, मागं एक चाकी, मधे रबरी बेल्ट. पुढच्या चाकीत सहा रोलर. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, चाकीचे दोन पाट जवळ येतात, बेल्ट वर चढतो. हा झाला टॉप गिअर. चढ लागला, लोड आला, की मागच्या चाकीची स्प्रिंग बेल्टाला पुन्हा आपल्याकडं ओढते, पुढं बेल्ट खाली बसतो, म्हणजे गिअर खाली पडला. त्याच्या पुढं क्लच, त्याचे शू बाहेरच्या वाटीला चिकटून चाक फिरवतात.

आता आवाज वाढतो पण गाडी पळंना, म्हणजे दोनपैकी एक घसरतंय. बेल्ट तरी, नाहीतर क्लचचे शू. रोलर एका बाजूनं झिजून चपटे झाले तर गाडी अडखळते, पण ती अशी तापल्यावर रुसून थंड झाल्यावर मानत नाही.

वास कसा होता? ब्रेक जळल्यासारखा का टायर जळल्यासारखा?

कपिलधार_रोड | सोमवार, दुपारी 1:32

टायर.

फिटर_अण्णा | सोमवार, दुपारी 1:34

मग बेल्ट. शूचा वास ब्रेकसारखा येतो. तरी उघडल्यावर मागं ऑइल सील गळतंय का बघा, गिअरबॉक्सचं ऑइल क्लचवर आलं तरी घसरतं.

सरकी_ढेप | सोमवार, दुपारी 2:10

घाट म्हणजे आमचा कन्नडचा. मी सरकीच्या गोण्या भरून छोटा टेम्पो चाळीसगावला न्यायचो. तिथं चढताना डिझेल फिल्टर चोंदलेला असला की अर्ध्या घाटात गाडी खोकायला लागते. एकदा रात्री दोन वाजता फिल्टर बदलला, मोबाईल तोंडात धरून. आणि बिबट्या दिसला असं क्लीनर अजून गावात सांगत फिरतो. मला कुत्रंच वाटलं होतं.

कन्नड घाटाला औट्रम घाट म्हणतात, हे नाव कुठून आलं कुणाला ठाऊक आहे का?

पाटी_पेन्सिल | सोमवार, दुपारी 2:40

जेम्स औट्रम नावाचा इंग्रज अधिकारी होता. 1825 च्या सुमारास खानदेशात त्यानं भिल्लांची पलटण उभी केली. त्याच्यावरून. अभयारण्याच्या नावातही आहे बघा, गौताळा औट्रमघाट.

ज्वारी_बाजरी | सोमवार, दुपारी 2:44

उसावरून वाचलो तर इंग्रजांवर गेलो. स्कूटर कुठाय?

उदगीर_ते_कॅलगरी | सोमवार, रात्री 9:25

मी मूळचा उदगीरचा, नोकरीनिमित्त कॅनडात. हा धागा वाचून उठून बसलो, कारण गेल्या हिवाळ्यात माझं अगदी हेच झालं. फक्त माझ्याकडं स्कूटर नव्हती, स्नोमोबाईल होती.

हसू नका, सांगतो. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावरची फटफटी. पुढं दोन पट्ट्या, मागं रणगाड्यासारखा रबरी पट्टा. आणि इंजिनापासून त्या पट्ट्यापर्यंत ताकद नेते कोण? फिटर अण्णांनी सांगितलेली तीच यंत्रणा. पुढं एक क्लच-चाकी, मागं एक, मधे रबरी बेल्ट. रोलरच्या जागी वजनाचे खटके असतात, बाकी तत्त्व तेच. फरक एवढाच की तुमच्या स्कूटरला नऊ-दहा घोड्यांची ताकद, हिला दीडशेपर्यंत.

इथले लोक दोन-अडीच हजार मीटरवर उभ्या चढावर मशीन घालतात. मांजरा_काठ, तुमचा मुद्दा इथं खरा ठरतो: उंचावर जाताना त्या खटक्यांची वजनं हलकी टाकावी लागतात. हवा विरळ म्हणून इंजिन अशक्त, आणि जड वजनं टाकली तर ते हव्या तेवढ्या फेऱ्यांना (आरपीएमला) पोचतच नाही.

माझं मशीन खाली रानात झकास पळायचं. उभा चढ लागला की पाच मिनिटं ठीक, मग इंजिन किंचाळायचं आणि मशीन जागेवर. मी पेट्रोल बदललं, प्लग बदलले, ताईंसारखेच पैसे घातले. शेवटी एका म्हाताऱ्या कॅनेडियन शेतकऱ्यानं बाजूचं कव्हर उघडून पुढच्या चाकीला बोट लावलं आणि लगेच झटकलं. म्हणाला, "बेल्ट भाजतोय." चाकीच्या पाटांवर जळक्या रबराचा थर बसला होता, काचेसारखा. बेल्टाच्या कडाही चकचकीत. चकचकीत बेल्ट घसरतो, घसरला की तापतो, तापला की अजून घसरतो. थंड झाला की तेवढ्यापुरता धरतो. ताईंचे पंधरा मिनिटं तेच सांगतायत.

पण खरा प्रश्न पुढचा आहे: बेल्ट तापायला का लागला? त्या डब्यात हवा खेळायला वाट असते. माझ्या मशीनमधे ती वाट बर्फाच्या भुग्यानं बुजली होती. ताई, बेल्टाच्या कव्हरला हवा कुठून जाते ते आधी बघा. नुसता बेल्ट बदलला तर नवाही भाजेल.

आणि हो, इथला प्रत्येक माणूस मशीनमधे एक जादा बेल्ट बांधून फिरतो. तीस किलोमीटर बर्फात अडकला तर बिबट्याची गोष्ट सांगायलाही कुणी परत येत नाही.

रिकामा_खंडोबा | सोमवार, रात्री 9:41

उदगीरचा माणूस बर्फावर फटफटी चालवतो आणि आम्ही अजून खड्डा चुकवायलोय.

धारूरचा_गडी | सोमवार, रात्री 9:50

बर्फात भाकरी मिळते का?

उदगीर_ते_कॅलगरी | सोमवार, रात्री 9:58

ज्वारीचं पीठ मिळतं. थापायला कुणी नाही. मी थापली की कॅनडाचा नकाशा होतो.

फिटर_अण्णा | सोमवार, रात्री 10:20

उदगीरकर, लई भारी. हवेच्या वाटेचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण सगळ्या मॉडेलला ती सारखी नसते. काहींना कव्हरच्या पुढच्या बाजूला नळी आणि फोमचा तुकडा असतो, काहींना नुसती जाळी. पुढच्या चाकीच्या मागं पंख्यासारखी पाती असतात, ती हवा ओढतात. ताई, गाडी माझ्याकडं आणायची तर बीडहून लांब पडतं. तिथल्याच मिस्त्रीला डावं कव्हर उघडायला लावा आणि समोर उभ्या राहा. "इंजिन" म्हणाला की पाना काढून घ्या.

कपिलधार_रोड | बुधवार, रात्री 8:15

उघडलं!! मोठं लिहिते, वेळ काढून वाचा.

आधीच्या मिस्त्रीकडं गेलेच नाही. वडिलांच्या ओळखीचे एक चाचा आहेत, जुन्या बाजारात बसतात. त्यांना म्हटलं, मी सांगेन तेवढंच करायचं. ते हसले, पण केलं.

कव्हर उघडलं तर आत काळी भुकटी, मूठभर. बेल्टाच्या दोन्ही कडा उदगीरकर म्हणाले तशा चकचकीत, आरशासारख्या. चाचांनी रुंदी मोजली, ती मर्यादेच्या थोडी वर होती, म्हणजे झिजला नव्हता, भाजला होता. क्लचचे शू ठीक, ऑइल सील कोरडं. सहापैकी दोन रोलर चपटे, पण फार नाही.

आणि आता हवेची नळी. कव्हरच्या पुढं एक वाकडी रबरी नळी आहे, ती वर पायदानाखाली जाते. चाचांनी काडी घातली, काडी जाईना. नळी काढून आपटली तर मातीचा गोळा बाहेर. कुंभारीण माशीचं घर. पूर्ण बंद करून टाकली होती नळी, आतून बाहेरून लिंपून. फोडलं तर आत वाळलेले कोळी, पंधरा-वीस.

मग डोक्यात प्रकाश पडला. मे-जूनला माहेरी होते, परळीकडं. गाडी वाड्यातल्या छपरीत दीड महिना उभी होती. शाळा सुरू झाल्यापासूनच हा त्रास आहे, आणि मी मूर्ख पहिल्या पोस्टमधे ते लिहिलंच नाही.

मातीचं घर डब्यात भरून शाळेत नेलं. चौथीच्या पोरांना दाखवलं. माशी कोळ्याला नांगी मारून लुळं करते, मग त्यावर अंडं घालते, अळीला ताजं जेवण. पोरं अर्धा तास गप्प होती. असं वर्षातून एकदाच होतं. एकानं विचारलं, "मॅडम, माशीला पेट्रोलचा वास आला नाही का?" उत्तर सुचलं नाही.

निवृत्त_आगार | बुधवार, रात्री 8:40

शाब्बास. आगारात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकच्या पाइपात हीच बया सापडायची. आणि मी झाकणाच्या भोकावर अडकलो होतो. नियम तोच होता, भोक वेगळं होतं.

फिटर_अण्णा | बुधवार, रात्री 9:05

मग काय केलं पुढं? बेल्ट बदलला का?

कपिलधार_रोड | बुधवार, रात्री 9:12

मुद्दाम नाही बदलला लगेच. चाचांना म्हटलं, आधी फक्त नळी मोकळी करा, चाक्यांचे पाट पुसा, तोच बेल्ट टाका. आज सकाळी तशीच गेले, मैत्रिणीला घेऊन. आधी एक किलोमीटरला दम टाकायची, आज तीन किलोमीटरनंतर थोडा आवाज वाढला, पण 30 च्या खाली आली नाही.

आज संध्याकाळी नवा बेल्ट आणि सहा रोलर टाकले. चाकीच्या पाटांवरचा थर चाचांनी बारीक पॉलिश पेपरनं काढला. बेल्ट, रोलर, मजुरी धरून 1,650. उद्या कळेल.

बालाघाट_एक्सप्रेस | गुरुवार, सकाळी 7:30

ताई, दोन्ही गोष्टी एकदम केल्या असत्या तर आज इथं माशी का बेल्ट ह्यावर शंभर पोस्टी पडल्या असत्या. बाई शिक्षिका आहेत हे कळलं.

पाटी_पेन्सिल | गुरुवार, सकाळी 8:05

तरी प्रयोग पुरता पक्का नाही. पाटही पुसले होते. फक्त नळी मोकळी करून जायला पाहिजे होतं.

कपिलधार_रोड | गुरुवार, सकाळी 11:25

पाटी_पेन्सिल, तुम्ही नक्की तपासणीला येणारे केंद्रप्रमुख आहात.

आजचा निकाल: पायथ्यापासून वरपर्यंत 42 ते 45. एकदाही कमी नाही. वर थांबून डाव्या कव्हरला हात लावला, गरम पण हात टिकतो. एका ट्रकला मागं टाकलं आणि मैत्रिणीनं मागं वळून त्याला हात केला. सीताफळं अजून आली नाहीत, नाहीतर सगळ्यांना पाठवली असती.

सौताड्याची | गुरुवार, दुपारी 12:10

नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, मच्छरदाणीची. हवा जाते, माशी जात नाही. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाच्या सायलेन्सरला डबा पालथा घालतो आम्ही, त्याच कारणासाठी.

फिटर_अण्णा | गुरुवार, दुपारी 12:30

जाळी बांधा, पण महिन्याला झटका. आपल्याकडची धूळ बघता ती जाळीच बुजायची.

धारूरचा_गडी | गुरुवार, दुपारी 1:02

ताई, पहिल्या दिवशीचं माफ करा. माझ्या बायकोनं वाचलं हे.

कपिलधार_रोड | गुरुवार, दुपारी 1:05

😄 झालं गेलं.

उदगीर_ते_कॅलगरी | शुक्रवार, सकाळी 6:40

अभिनंदन! आता फिटर अण्णा, माझीही एक अडचण सोडवा. बेल्ट बदलूनही माझं मशीन वरच्या चढावर मारच खातंय. मार्चमधे शेवटचं काढलं तेव्हा खाली ठीक, पण पूर्ण रेस दिली की वरची ताकद लागतच नाही. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर.

फिटर_अण्णा | शुक्रवार, सकाळी 9:15

मी आयुष्यात बर्फ बघितला तो फक्त रसवंतीत. पण विचारायचं तेच विचारतो. आवाज वाढतो का पडतो?

उदगीर_ते_कॅलगरी | शुक्रवार, रात्री 8:30

पडतो. आठ हजार आरपीएम व्हायला पाहिजेत, सात हजारांच्या खालीच घुटमळतं.

नवा_मेंबर_जालना | शुक्रवार, रात्री 8:44

धागा वाचला. ताई, एकदा प्लग बदलून बघा. आमच्या गाडीला फरक पडला होता.

ज्वारी_बाजरी | शुक्रवार, रात्री 8:46

वाचला म्हणे.

फिटर_अण्णा | शुक्रवार, रात्री 9:30

उदगीरकर, मग तुमचा बेल्ट निर्दोष, इंजिनाकडं चला. पहिलं, पेट्रोल फिल्टर आणि टाकीतलं पाणी. थंडीत टाकी अर्धी ठेवली की आतून दव धरतं, तुमच्याकडं ते गोठतही असेल. दुसरं, टू-स्ट्रोकच्या धुराच्या तोंडाशी काही इंजिनात झडपा असतात, खाली बंद आणि रेस वाढली की उघडणाऱ्या. कार्बन धरून ती झडप अडकते. अडकली की गाडी खाली चालते, वर दम नाही. तुमच्या मशीनला आहे का बघा. असली तर काढून कार्बन खरवडा. पैसे कुणाला द्यायच्या आधी.

उदगीर_ते_कॅलगरी | रविवार, सकाळी 7:10

आहे! दोन्ही सिलिंडरला एकेक. आज दुपारभर गॅरेजमधे बसून काढल्या. एक मोकळी होती. दुसरी काळ्या चिकट्यात अशी रुतलेली की पकडीनं हलवावी लागली. साफ करून बसवल्यात. बर्फ पडायला अजून तीन महिने आहेत, तेव्हा निकाल नोव्हेंबरात ह्याच धाग्यावर.

कपिलधार_रोड | रविवार, सकाळी 9:20

उदगीरकर, हवेच्या नळ्या पण बघून ठेवा. तुमच्याकडं कुंभारीण असते का?

उदगीर_ते_कॅलगरी | रविवार, सकाळी 9:34

असते. आत्ताच टॉर्च मारला. एका नळीत लिंपण सुरू झालंय.